करवत नव्हे, पट्टा

हुबळी-धारवाडच्या सॉ मिलमध्ये सगळे भितात ते करवतीला. फळ्या आणि भुसा वाहून नेणारा पट्टा त्या मानाने गरीब वाटतो, आणि घात तिथेच होतो. पट्टा रोलरला भिडतो त्या सांध्यात भुसा साचतो, पट्टा बाजूला सरकतो आणि कोणीतरी तो चालू असतानाच हाताने खरवडायला जातो. सेकंदाला 1 मीटर वेगाचा पट्टा अर्ध्या सेकंदात कोपरापर्यंतचा हात ओढून घेतो. तेवढ्यात बटण कुठलं सापडायला! 1948च्या कारखाने अधिनियमाने असे भाग आवरणाने झाकणं बंधनकारक केलं. पण विजेवर चालणाऱ्या, दहापेक्षा कमी कामगारांच्या गिरण्या सहसा त्याबाहेरच राहिल्या. साफसफाईआधी मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावावं. किल्ली मुकादमाकडे नको, पट्ट्यात हात घालणाऱ्याच्याच खिशात हवी.