बिडाच्या जुन्या नळास प्लास्टिकचा नवा नळ जोडताना

आंबेगाव तालुक्यातील कळंब हे घोड नदीकाठचे गाव. अशा नदीकाठच्या गावांत घर, गोठा आणि विहीर ही पुष्कळदा एकाच आवारात असतात. जुन्या पक्क्या घरांचे सांडपाणी वाहून नेण्यास बिडाचे नळ बसविलेले असत. ते गंजले किंवा तडकले म्हणजे तेवढाच भाग काढून पीव्हीसीचा नवा नळ घालण्याची पद्धत आता रूढ आहे. नळ हलका व स्वस्त असल्याने ही पद्धत सोयीची आहे. परंतु दोन्ही नळांचा सांधा नीट न साधल्यास सांडपाणी जमिनीत झिरपते व मुरमातून विहिरीपर्यंत पोचू शकते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक होय.

सांधा का निखळतो?

पीव्हीसीच्या नळांना लावावयाचे सॉल्व्हंट सिमेंट प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन नळ एकजीव करते. बिडावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. बांधकामाचे सिमेंटही गुळगुळीत प्लास्टिकला धरत नाही. शिवाय उष्णतेने प्लास्टिक बिडाच्या सुमारे सहापट प्रसरण पावते. तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढल्यास ३ मीटर लांबीचा प्लास्टिकचा नळ सुमारे ६ मि.मी. वाढतो, तर बिडाचा केवळ १ मि.मी. या ओढाताणीत ताठर सांधा तडकतो. जुन्या काळी तागाची दोरी ठासून वर वितळलेले शिसे ओतीत. शिसे ३२७ अंशांस वितळते आणि पीव्हीसी ८० अंशांच्या सुमारासच मऊ पडते. तेव्हा ती रीत येथे निरुपयोगी आहे. सांधा लवचिक, म्हणजे रबराचाच हवा.

माप घेणे

‘चार इंची’ हे बिडाच्या नळाचे माप आतील व्यासाचे असते, तर पीव्हीसीचे ११० मि.मी. हे माप बाहेरील व्यासाचे. म्हणून नळाभोवती दोरी गुंडाळून तिची लांबी मोजावी व तिला ३.१४ ने भागावे. घेर ३४.५ सें.मी. भरल्यास बाहेरील व्यास सुमारे ११० मि.मी. होय. जुन्या नळांच्या मापांत फरक असतो. दोन्ही नळांचे बाहेरील व्यास दुकानात सांगूनच रबरी कप्लिंग घ्यावे.

जोडणीची रीत

१. वरचा बिडाचा नळ भिंतीस पट्टीने पक्का आवळावा. नळ जड असतो. आधार न देता खालचा भाग कापल्यास तो कोसळून इजा होते.

२. नळ करवतीने सरळ कापावा, हातोड्याने तोडू नये. बीड ठिसूळ असल्याने तडा दूरवर जातो. कापताना डोळ्यांवर चष्मा असावा.

३. तारेच्या ब्रशाने गंज काढावा. प्लास्टिकच्या नळाची कड कानशीने घासून निमुळती करावी.

४. दोन्ही टोके रबरी कप्लिंगमध्ये सारखी बसवावी व मध्ये सुमारे १० मि.मी. फट ठेवावी. मग पोलादी पट्ट्या आवळाव्या. रबर सरकत नसल्यास साबणाचे पाणी लावावे; तेल लावू नये.

५. बिडाच्या नळाचे रुंद तोंड शाबूत असून पाणी प्लास्टिककडून बिडाकडे जात असेल, तर त्यात योग्य मापाची रबरी कडी घालून प्लास्टिकचे टोक बसवावे.

उतार व परीक्षा

नळास ६० स एक असा उतार द्यावा. म्हणजे ६ मीटरांत १० सें.मी. काळी जमीन ओलाव्याने फुगते व उन्हाने आकसते, म्हणून नळाखाली वाळूचा थर घालावा. चर बुजविण्यापूर्वी खालचे तोंड बंद करून नळ पाण्याने भरावा आणि अर्धा तास सांधा पाहावा. थेंबही दिसल्यास पट्ट्या सोडून सांधा पुन्हा बसवावा. उघड्यावरील प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते. त्यास रंग द्यावा.

एक इशारा

काही जुन्या घरांत विजेची अर्थिंगची तार लोखंडी नळास बांधलेली असते. मध्ये प्लास्टिक आले की हा मार्ग तुटतो व विजेचा धक्का बसण्याचा धोका उद्भवतो. नळ कापण्यापूर्वी परवानाधारक तारतंत्र्याकडून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात असे काम निघाल्यास चर बुजविण्यापूर्वी सांधा स्वतः पाहावा, आणि चार शेजाऱ्यांनाही दाखवावा. अर्ध्या तासाच्या या परीक्षेने एका विहिरीचे पाणी निर्मळ राहते.