हात पोहोचला, पण पोत कळेल का?

व्यापारी बंधूंनो, डोळ्यांवर यंत्र चढवले की संगणकाने रचलेले आभासी दुकान समोर उभे राहते. पण दूरच्या फळीवरचा तागा उचलायचा कसा? १९९६ साली इव्हान पुपिरेव्ह व सहकाऱ्यांनी ‘गो-गो’ ही युक्ती मांडली. आपला हात दोन-तृतीयांश लांबवेपर्यंत आभासी हात तेवढाच सरकतो. त्यापुढे मात्र तो झपाट्याने लांबत जाऊन दूरची वस्तू पकडतो.

तागा हाती आला, तरी बोटांना सूत लागत नाही. चिमटीत कापड चोळून पारखणारा ग्राहक तेथे आपल्या जबानीवरच विसंबणार. म्हणून सुताचा नंबर, पन्हा, वजन आणि मालातला ऐब आधीच सांगावा. ऐब लपवून विकू नये, ही तर पैगंबरांची (स.) शिकवण. साख तिच्यावरच टिकेल.