शहराची घाण आणि खेड्याची जमीन

शहराने खावे, प्यावे, व्यापार करावा आणि उरलेली घाण मात्र गाडीत घालून शेतकऱ्याच्या शिवारालगत ओतून यावी, हा प्रघात आमच्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही अन्याय आहे असे सुशिक्षित गृहस्थांसही वाटेनासे झाले आहे. वास्तविक कायद्याने हा प्रघात केव्हाच निषिद्ध ठरविला. 2000 साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले, त्यांत कचरा पुरण्याच्या खड्ड्याचा तळ कसा असावा हे बारकाईने सांगितले होते. 90 सेंटीमीटर जाडीचा, चोपून बसविलेला चिकणमातीचा थर. त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा, पाणी न झिरपणारा प्लास्टिकचा पडदा. आणि भूगर्भातील पाण्याची पातळी कितीही चढली तरी मातीच्या थराखाली निदान 2 मीटर. दिवसाचा कचरा मातीने झाकावा, खड्डा बंद केल्यावरही 15 वर्षे देखरेख ठेवावी. 2016 च्या नियमांनी तर मुळावरच घाव घातला. ज्याचा काही उपयोग होत नाही, जे कुजत नाही व जळत नाही, तेवढेच पुरावे असे त्यांनी ठरविले.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या शहरांच्या कचऱ्याचा सुमारे निम्मा भाग ओला असतो. तो कोंडून कुजला म्हणजे त्यातून काळे पाणी सुटते, वाटेत सापडलेले धातू व रसायने बरोबर घेते आणि खालच्या विहिरींस जाऊन मिळते. वर जो वायू साचतो, तो पेट घेतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत पडत आला, तेथील रहिवाशांस हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागले नाही. 2017 च्या एप्रिलात तेथील ढिगास आग लागली, ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या, आणि काही आठवडे पुणे शहराचा कचरा पुण्यातच राहिला. ग्रामस्थांनी हट्ट केला असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. आपल्या विहिरीचे पाणी नासले असता आपण किती दिवस गप्प बसलो असतो, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला होता काय?

कित्येकांस जाळून टाकणे हा सोपा उपाय वाटतो. दिल्लीत तिमारपूर येथे 1987 साली तसा कारखाना उभारून झाला. कचऱ्यात जळण्याजोगे सत्त्वच पुरेसे नाही असे आढळून तो लवकरच बंद पडला. भाजीचे देठ व फळांची साले चुलीत घालून स्वयंपाक होत नाही, हे आमच्या घरातील कोणत्याही बाईने फुकट सांगितले असते.

खरा मार्ग शेतातून येतो व शेतातच जातो. मध्य प्रदेशासारख्या, बहुसंख्य कष्टकरी ज्यात शेतीवर जगतात अशा प्रांतात तरी तो शोधण्यास लांब जावयास नको. होळकरांच्या इंदुरात आल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात कापसाच्या पऱ्हाट्या, तण व पालापाचोळा यांत शेण, राख आणि गोठ्यातील मूत्र मुरलेली माती मिसळून, ढीग वेळोवेळी वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी 1931 साली त्यावर ग्रंथ लिहिला, आणि ‘इंदूर पद्धती’ हे नाव जगभर झाले. त्याच इंदूरच्या वेशीवर पुढे देवगुराडियाचा डोंगर वाढावा, हा दैवदुर्विलासच! परंतु तेथील नगरपालिकेने तो डोंगर खणून, चाळून मोकळा केला. दारोदार वेगवेगळा कचरा घेण्याची शिस्त लावली. आणि 2022 साली रोज 550 टन ओला कचरा घेऊन त्यापासून वायू व खत करणारा कारखाना तेथेच सुरू केला.

या सर्वांत कठीण भाग यंत्राचा नाही. मिश्र कचऱ्याच्या खतात काचेचे तुकडे, पिशव्यांच्या चिंध्या, फुटलेल्या बॅटऱ्यांतील शिसे उतरते. अनवाणी पायाने वाफ्यात उतरणारा शेतकरी असले खत नाकारतो, तो अडाणी म्हणून नव्हे. खत नियंत्रण आदेशानेही शहरी खतात शिशाचे प्रमाण किलोस 100 मिलिग्रॅमहून अधिक असू नये असे बंधन घातले आहे. केंद्र सरकारने 2016 साली अशा खतास टनामागे 1500 रुपये साहाय्य जाहीर केले होते. परंतु पैशाने काच विरघळत नाही. ती मुळात ओल्यात पडता कामा नये, आणि हे काम म्युनिसिपालिटीचे नसून आमच्या स्वयंपाकघराचे व दुकानाच्या पायरीचे आहे.

व्यापारी बंधूंस येथे स्पष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. 2016 च्या नियमांनी बाजारपेठांतील संघांवर एका वर्षाच्या आत कचरा वेगळा करविण्याची जबाबदारी टाकली होती. ती मुदत 2017 सालीच उलटली. किती पेठांत दोन टोपल्या दिसतात, हे वाचकांनीच फिरून पाहावे. दंडाची वाट पाहणे प्रतिष्ठित पेठेस शोभत नाही. आरंभ भाजीच्या व फळांच्या आडतीपासून करावा असे आमचे मत आहे. तेथील कचरा बहुतेक निव्वळ ओला असतो, त्यास निवडण्याचे श्रम जवळजवळ नाहीत. शिवाय पहाटे माल उतरवून ज्या शेतकऱ्यांच्या गाड्या रिकाम्या परततात, त्याच गाड्यांतून स्वच्छ खत गावाकडे रवाना होऊ शकेल. येत्या सभेत आडत्यांच्या मंडळांनी एवढा एक ठराव करून त्याचा खर्च आपसांत वाटून घ्यावा.