कापडाला कणा कुठून येतो?

हातरुमाल टेबलावर उभा करून पाहा. जमणार नाही. ढकललात तर चुरगळेल, वाकवलात तर मुकाट वाकेल. आता त्याचं एक टोक कुणाच्या तरी हातात द्या आणि दुसरं तुम्ही ओढा. तोच लुळा रुमाल दोन माणसांच्या जोराला पुरून उरतो! कापडाला आयुष्यात एकच गोष्ट येते: ताण सोसणं. एवढ्याच भांडवलावर, एक ताडपत्री, दोन काठ्या आणि काही दोर घेऊन लोक आपल्या कॅम्परव्हॅनला अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद ओसरी जोडतात आणि ती भर वाऱ्यात टिकते. कशी?

गाडीपासून सुरुवात करू. फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर 1950 साली आली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीनं तिच्यात मुक्कामाचं सामान बसवायला सुरुवात केली. या गाडीच्या जुन्या मॉडेलांत टपाच्या कडेनं पत्र्याची एक बारीक पन्हळ जाते. पावसाचं पाणी दारावर गळू नये, एवढ्यासाठीच ती केलेली. हौशी लोकांना मात्र तिच्यात आयती खुंटी सापडली! पन्हळीच्या ओठावर एक खाचेची पट्टी दाबून बसवायची. कापडाच्या कडेत साधारण 6 मिलिमीटर जाडीची दोरी शिवायची आणि ती कड एका टोकाकडून खाचेत सरकवायची. खाचेचं तोंड दोरीपेक्षा अरुंद. कापड फटीतून बाहेर येतं, दोरी आतच राहते. आडवी सरकवा, सुळकन जाते. समोरून कितीही ओढा, सुटत नाही. शिडाच्या होडीत डोलकाठीच्या खाचेत शीड चढवतात, ते याच युक्तीनं. कापडाला चार भोकं पाडून बांधलं असतं, तर सगळा ताण त्या चार भोकांवर आला असता आणि तिथूनच ते फाटलं असतं. इथं तो अडीच मीटरभर वाटला जातो.

बाहेरच्या बाजूला दोन काठ्या. त्या जमिनीत गाडायचीही गरज नसते! कापड काठीचा शेंडा गाडीकडे ओढतं, जमिनीतल्या खुंट्यांना बांधलेले दोर त्याच शेंड्याला बाहेर आणि खाली ओढतात. या ओढाताणीतून काठीच्या वाट्याला उरतो तो फक्त खाली जाणारा दाब, आणि दाब घेण्यात तर काठी पटाईत. ओढण्याचं काम कापडाचं, रेटण्याचं काठीचं. किती स्वच्छ वाटणी आहे ही!

मग वारा येतो. ताशी 36 किलोमीटरचा वारा समोरून आदळला, तर दर चौरस मीटरवर साधारण 6 किलोचा रेटा पडतो. आपल्या 5 चौरस मीटर कापडावर 30 किलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर रेटा किती होईल? 60 नाही, 120 किलो! वेग दुप्पट की रेटा चौपट. सपाट ताणलेलं कापड इथं हरतं. ते फडफडू लागतं, आणि प्रत्येक फडफडीला दोरांना हिसका बसतो.

यावरचा उपाय इतका सोपा आहे की पहिल्यांदा कळल्यावर मी थक्क झालो. एक काठी आखूड करायची. बस्स! चार कोपरे एका पातळीत राहिले नाहीत की कापडाला पीळ पडतो आणि त्याचं खोगीर होतं: एका कर्णावर ते खाली झुललेलं, दुसऱ्या कर्णावर कमानीसारखं वर उचललेलं. आता वरून भार आला, तर झुललेली दिशा ताणली जाते. खालून वाऱ्यानं उचललं, तर कमानीची दिशा ताणली जाते. म्हणजे कुठूनही हल्ला होवो, कापडाला त्याचं एकमेव येणारं काम करायला मिळतं.

जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांनी 1955 साली कासेलच्या उद्यान प्रदर्शनात वादकांसाठी असंच एक छत उभारलं. सुती कापड, दोन कोपरे उंच, दोन सखल, संपलं. साबणाच्या पाण्याचे पातळ पडदे तारेच्या चौकटीत धरून, ते आपसूक कोणता आकार घेतात, हे ओटो पुढे बारकाईनं पाहत राहिले. म्युनिकच्या 1972 च्या ऑलिंपिक मैदानावरच्या प्रचंड छपराला आकार देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तिथं कापडाच्या जागी पोलादी दोरांची जाळी आहे, पण खोगिराचं तत्त्व तेच.

सखल कोपरा पावसातही कामाला येतो. सपाट कापडावर चौरस मीटरभर जागेत नुसतं 2 सेंटिमीटर पाणी साचलं, तरी ते 20 किलो भरतं. त्या वजनानं खळगा खोल होतो, खोल खळग्यात आणखी पाणी येतं, आणि हे चक्र थेट काठी मोडेपर्यंत चालतं. पिळलेल्या छपरावर थेंबाला थांबायला जागाच नसते. सगळं पाणी एका कोपऱ्यातून धार धरतं. तिथं बादली ठेवा, भांडी घासायची सोय झाली.

दोर घट्ट करायला साधी सरकती गाठ पुरते: ताणलेल्या दोराभोवती आतून दोन वेढे आणि बाहेरून एक. हातानं सरकवली की सरकते, ताण आला की दोराला किंचित मुरड पडते आणि घर्षणानं ती जागीच चिकटून बसते. ओढ वाढते तशी पकडही वाढते.

एक गोष्ट मात्र भले भले विसरतात. गाडी स्प्रिंगांवर उभी असते! कुणी आत चढलं की टप खाली बसतो, उतरलं की वर येतो, आणि दर खेपेला छपराचा ताण बदलतो. म्हणून खुंटी आणि दोर यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची एक कडी अडकवायची. गाडीचं हलणं ती स्वतः ताणून पोटात घेते आणि खुंटी जमिनीतून उपटली जात नाही.