बाहुलीच्या छातीतला हापसा

एक कोडं घालू? अशी कोणती बाहुली आहे, जिच्यापुढे मोठमोठी माणसं गुडघे टेकून घामाघूम होतात?

हार मानली? तिचं नाव रेसुसी ॲन! माणसाएवढी मोठी, जमिनीवर उताणी पडलेली. सीपीआर शिकायला आलेले लोक तिच्यावरच सराव करतात.

आता हे सीपीआर काय असतं? त्यासाठी गावातला हापसा आठव! दांडा खाली-वर केला की पाणी येतं ना? तुझं हृदयही तसंच रक्त उपसतं. तू गाढ झोपेत असतानासुद्धा!

पण कधी कधी ते अचानक बंद पडतं. माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास थांबतो. एखादा आचका दिला, तरी तो खरा श्वास नव्हे बरं का! आणि रक्त मिळालं नाही तर मेंदूला थोडी मिनिटंही कळ काढवत नाही. मग ॲम्ब्युलन्स येईपर्यंत काय करायचं?

बाहेरून हापसायचं!

छातीच्या मधोमध एक तळहात, त्यावर दुसरा. कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती दर वेळी ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा! म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोनदा.

आणि खरी गंमत पुढेच आहे. बंद पडून राहिलेल्या हापशाचे पहिले काही दांडे कोरडेच जातात, हो ना? मग कुठे धार लागते. इथेही अगदी तसंच! मध्येच थांबलं की रक्ताचा जोर ओसरतो आणि तो पुन्हा चढवायला बरेच दाब द्यावे लागतात. म्हणून थांबायचं नाही! दांडा पूर्ण वर यावा लागतो, तशी छातीही दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. तेव्हाच तर हृदयात रक्त भरतं. हात इतके भरून येतात, की दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने पुढे व्हायचं.

मग मित्राला आडवं पाडून सराव करूया? छे छे, मुळीच नाही! बरगडी मोडायची बिचाऱ्याची. म्हणून तर बाहुली हवी!

ती बनवली कोणी, ओळख पाहू? डॉक्टरने नाही, एका खेळणीवाल्याने! नॉर्वेतला ओस्मुन्ड लेर्डाल मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या आणि मोटारी बनवायचा. त्याचा छोटा मुलगा एकदा बुडता बुडता वाचला होता. त्याला पाण्यातून ओढून काढलं होतं खुद्द बाबांनीच! पुढे श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी बाहुली हवी, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर लेर्डाल लगेच कामाला लागला. १९६० साली ॲन तयार झाली. पीटर सफार नावाच्या डॉक्टरांनी सुचवलं, तिच्या छातीत स्प्रिंगही बसवा. झाला की हापसा तयार!

पण आपला वापरलेला श्वास दुसऱ्याला काय कामाचा? थांब! हवेत ऑक्सिजन असतो २१ टक्के आणि आपण सोडलेल्या श्वासातही तो सुमारे १६ टक्के उरलेला असतो!

ॲनचा चेहरा मात्र जुना आहे. पॅरिसच्या सीन नदीत एक अनोळखी मुलगी सापडली होती, असं सांगतात. तिच्या मंद हसऱ्या चेहऱ्याचे प्लॅस्टरचे मुखवटे घरोघरी टांगलेले असत. तसाच एक लेर्डालने नातेवाइकांकडे पाहिला होता. ती मुलगी कोण? आजवर कुणालाच ठाऊक नाही!

तुझ्या अंगात अजून एवढा जोर नसेल, तर एक काम मात्र आजही तुझंच. मोठ्याने ओरडून माणसं जमव, १०८ किंवा ११२ लाव, फोन स्पीकरवर ठेव आणि घराच्या खाणाखुणा नीट सांग. आहे का तुझा पत्ता पाठ?