विश्लेषण : दुचाकीचे बंद पडलेले मीटर घरी दुरुस्त करता येते का?

खाडी आणि मिठागरांच्या शेजारी वसलेल्या मिरा-भाईंदरमध्ये पावसाळी दमट हवा दुचाकीच्या मीटरला मानवत नाही. पूनम सागरसारख्या वसाहतींत उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या मीटरमध्ये पाणी शिरले, की काचेआड वाफ धरते, काटा थरथरतो किंवा शून्यावरच अडकतो. घोडबंदर रस्त्यावर वेग न कळणे धोक्याचे आहेच. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ नुसार वेगमापक बंधनकारक आहे. पण नवे मीटर घेण्याआधी दोष कुठे आहे, हे पाहायला हवे.

मीटर चालते कसे?

केबलवर चालणाऱ्या मीटरचे पेटंट जर्मनीच्या ओटो शुल्झ यांनी १९०२ मध्ये घेतले. चाकाजवळचा मीटर गिअर केबलमधली तार फिरवतो आणि ती मीटरमधले चुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची वाटी असते. दोन्हींचा स्पर्श होत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह तयार होतो आणि ती ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. दोन्ही जोर सारखे होतात तिथे काटा थांबतो. किलोमीटरचे आकडे त्याच दांड्यावरच्या दातेरी चक्रांनी फिरतात.

दोष कसा ओळखावा?

काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील, तर केबल किंवा मीटर गिअर तपासावा. केबल मीटरकडून सोडवून पुढचे चाक फिरवा; आतली तार फिरली नाही, तर मीटर उघडायची गरजच नाही. आकडे फिरतात पण काटा हलत नाही, तर दोष वाटी, स्प्रिंग किंवा काट्यात. काटा चालतो पण आकडे थांबलेत, तर प्लास्टिकचे चक्र झिजलेले किंवा तुटलेले असते. काटा उड्या मारत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी जास्त वाकली आहे.

घरी काय करता येईल?

केबलला हलके ग्रीस लावता येते. मात्र मीटरकडचे दोन इंच कोरडे ठेवावेत, नाहीतर ग्रीस वर चढून वाटी चिकटते. मीटर उघडण्याआधी बॅटरीची वायर काढा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. काच साबणाच्या पाण्याने पुसा. पेट्रोल किंवा थिनरने प्लास्टिक धुरकट होते. आतला ओलावा सावलीत सुकू द्या. काटा उपटू नका आणि स्प्रिंगला हात लावू नका. ती किंचित वाकली तरी वेग चुकीचा दिसतो. जोडताना कडेचे रबर नीट बसवा, पण पाणी निघायचे छिद्र बुजवू नका.

डिजिटल मीटरचे काय?

यात चाकाजवळचा सेन्सर विजेचे ठोके पाठवतो. घरी फक्त सेन्सरची वायर आणि कनेक्टर तपासावा; सर्किट जाणकाराकडेच द्यावे.

आकडे बदलले तर?

मीटर बदलण्यापूर्वी जुन्या आकड्याचा फोटो काढा आणि बिल जपून ठेवा. पुढे गाडी विकताना दोन्ही दाखवा. खरा आकडा लपवणे ही घेणाऱ्याची फसवणूक ठरते. शेवटी मोकळ्या रस्त्यावर मागे बसलेल्याला मोबाइलच्या जीपीएसशी वेग ताडून पाहायला सांगा. मीटरने थोडा जास्त वेग दाखवला तर चालते; कमी दाखवला, तर काम पुन्हा करावे लागेल.