पाण्याने काढायची गाठ

मेंदूच्या शस्त्रक्रियेत आता दुर्बिणी आल्या, नेव्हिगेशन आले. पण हायडॅटिड सिस्ट, म्हणजे जंताच्या अळीपासून झालेली पाण्याची गाठ, काढायची वेळ आली, की न्यूरोसर्जनची भिस्त असते ती मऊ रबरी नळीवर आणि सलाईन भरलेल्या सिरिंजवर. ही रीत अर्जेंटिनाच्या डाउलिंग यांची, १९२९ सालची. शेजारच्या उरुग्वेत अराना-इनिगेझ यांनी ती पुढे हातखंडा करून टाकली.

त्या मुलखात मेंढ्या अमाप. कापलेल्या मेंढीचे काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकले, की त्यातली अळी कुत्र्याच्या आतड्यात जंत होऊन वाढते. जंताची अंडी विष्ठेतून मातीत आणि कुत्र्याच्या केसांवर येतात, तिथून पोरांच्या तोंडात. पोटात गेलेल्या अंड्यातून निघालेल्या अळीची गाठ बहुधा यकृतात धरते. मेंदूत क्वचितच, शंभरात दोन-एकांना. महाराष्ट्रातही असे रुग्ण सापडतात.

मेंदू हळूहळू सरकून जागा करून देतो, म्हणून गाठ चांगली मोसंबीएवढी झाली तरी मूल खेळत असते. मग डोके दुखू लागते, उलट्या होतात, नजर अंधुक होते, एका बाजूचा हात-पाय लुळावतो, कधी फीट येते. स्कॅनवर रेखीव गोल दिसतो, भोवती सूज जवळपास नाहीच.

सुई टोचून पाणी काढले की संपले, असे कुणालाही वाटेल. तेच इथे करायचे नसते. आतले पाणी सांडले तर जीवघेणी अ‍ॅलर्जी उठू शकते आणि त्यातल्या सूक्ष्म अळ्यांपासून नव्या गाठी धरतात.

म्हणून कवटी ऐसपैस उघडतात, तीही जपून, कारण खालचे आवरण ताणून पातळ झालेले असते. मेंदूचा पापुद्रा बेताने कापला की मोत्यासारखी पांढुरकी भिंत दिसते. भोवती ओल्या कापसाच्या पट्ट्या लावतात. नळी भिंत आणि मेंदू यांच्यामधून अलगद सरकवून कोमट सलाईन सोडतात, टेबल कलते करून डोके खाली घेतात. पाणी मागून रेटते, वजन खाली ओढते आणि गाठ इंचाइंचाने बाहेर येते. चिमट्याने धरायची नाही, ओढायची नाही. खाली धरलेल्या भांड्यात तिला आपण होऊन उतरू द्यायचे. सर्जन याला ‘डिलिव्हरी’ म्हणतात. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे.

मागे उरलेली पोकळी सलाईनने भरतात, नाहीतर मेंदू एकदम खचतो. गाठ फुटलीच, तर तीव्र मिठाच्या पाण्याने जागा धुतात आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या कित्येक महिने चालतात.